बाभळीची होडी

मुक्ताबाई: बुडलं का हो?

आबा: बुडलं न्हाय. कललंय जरा.

मुक्ताबाई: जरा? अर्धा पंख पान्यात गेलाय की. म्हशी पानी प्यायच्या थांबल्यात न् तुमच्या लाकडी इमानाकडं बघत्यात.

आबा: तू बाजूला हो. सावली पडती तुझी.

मुक्ताबाई: माझ्या सावलीनं कलतंय व्हय ते? दिपाली, आलीस का गं? ये, बघ तुझ्या सासऱ्याचं इमान हौदात कसं लोळतंय ते.

दिपाली: आले, आत्या. पर्स तरी ठेवू द्या. इंदापूरपासून उभी होते एस.टी.त, निमगावात तर पाय ठेवायला जागा उरली नाही. आज निमगावचा बाजार होता ना.

आबा: च्या घे आधी, पोरी. इमान कुठं पळून चाललंय.

दिपाली: चहा नंतर. बघू. उजवी होडी वर आहे, डावी खाली गेलीय. म्हणजे इंद्रजितनं केलेली तरंगतेय आणि तुम्ही केलेली बुडतेय.

आबा: तसंच दिसतंय.

दिपाली: डावी कशाची केलीत, आबा?

आबा: बाभळीची.

दिपाली: बाभळीची.

आबा: टिकाऊ असती. गाडीचं चाक घे, कुऱ्हाडीचा दांडा घे, समदं बाभळीचंच. म्हनलं पोराची वस्तू हाय, जन्मभर ऱ्हायला पायजे.

मुक्ताबाई: ऱ्हाईल की. हौदाच्या तळाला बसून जन्मभर ऱ्हाईल.

दिपाली: मापाला मात्र अगदी बरोबर आहे. उजवीशेजारी धरली तर ओळखू येत नाही कुठली कुणाची.

आबा: नकाशावर ठिवून कापलीय. इंद्रानं आखलेल्या रेघंच्या भाईर पटाशी गेली न्हाय माझी. आता वजनाचं त्या नकाशात काय लिवलं न्हवतं, त्याला मी काय करू?

मुक्ताबाई: नकाशा. त्यो नकाशा इंद्रानं बारामतीतनं छापून आनला तवाच म्हनले हुते मी, चाकं नसलेलं इमान कशाला करतोस म्हनून. कंपनीत डुटीवर असताना रोज डोक्यावरनं शिकाऊ पोरांची इमानं जायची त्याच्या. चांगली, नवी, चाकाची. ती सोडून ह्याला शंभर वर्सांमागचं पायजे. दोन मजली पंखाचं, खाली होड्या लावल्यालं.

दिपाली: आबांच्या गावासाठी. पाण्याखालच्या गावात चाकाचं विमान उतरणार कसं? मला असंच सांगितलं होतं त्यानं. म्हणाला, खरं विमान आपल्याला परवडायचं नाही, पण लाकडाचं एक करू आणि उजनीत सोडू. आबांच्या गावावर उतरवू.

आबा: वेडं हुतं.

मुक्ताबाई: तुमच्यावर गेलं हुतं.

आबा: आता काय, होडी काढाय लागंल. दुसरी कराय लागंल. पांगारा तर संपला. बांधावरचा पांगारा पडला तवा इंद्रानं फळ्या पाडून ठिवल्या हुत्या, त्यातली शेवटची वरच्या पंखाला गेली. आता नवा पांगारा बघा, तोडा, सावलीत वाळवा. घाई करून भागत न्हाय. ओलं लाकूड पिळतं. दिवाळी हुईल.

दिपाली: दिवाळी?

आबा: पुढं-मागं.

दिपाली: हरकत नाही. होऊ दे दिवाळी.

मुक्ताबाई: झालं. ह्यांनी म्हनायचं दिवाळी, न् हिनं म्हनायचं हरकत न्हाय. दिपाली, बस त्या बाजंवर. तुमी पन बसा. ते इमान काढा पान्यातनं, म्हशींना पिऊ द्या.

आबा: काय झालं?

मुक्ताबाई: सुप्याहून फोन आलता. गोकुळच्या आईचा.

दिपाली: काय म्हणत होत्या?

मुक्ताबाई: काय म्हनंल बिचारी. चांगलं बोलली. म्हनली, आमी थांबलोय, अजून थांबू, पर पोराकडं बघवत न्हाय. न्हाय म्हना पायजे तर, पर कायतरी म्हना. गोकुळ तुला बघून गेला त्याला किती दिस झालं, तूच सांग.

दिपाली: मी त्यांना सांगितलंय, आत्या. विमान पूर्ण होऊ द्या, मग सांगते.

मुक्ताबाई: व्हय. तवा उन्हाळा हुता. आता ऊस कंबरंएवढा झालाय.

आबा: पोरगं चांगलं हाय पर. औषधाची गाडी घिऊन हिच्या मेडिकलला येतं एवढंच ठावं हुतं. घरी आलं तवा इमान बघितलं, तर लांबूनच. म्हनलं, आबा, हात लावू का? आजवर कुनी इचारलं न्हवतं तसं. जो येतो त्यो उचलून पंख हलवून बघतो.

मुक्ताबाई: चांगलं हाय म्हनता, न् बाभळ लावता?

आबा: म्हंजी?

मुक्ताबाई: म्हंजी काय म्हंजी. तुमचा जलम भीमंच्या काठाला. पवायला कशावर शिकलात?

आबा: त्याचा हितं काय संबंध?

मुक्ताबाई: सांगा की. सुनंला सांगा.

आबा: ओंडक्यावर.

मुक्ताबाई: कशाच्या?

आबा: पांगाऱ्याच्या.

मुक्ताबाई: लग्न झाल्यापास्नं ऐकतीय मी. पांगारा धरला की मानूस बुडत न्हाय. बाभळ धरली न् जना मोरेचा पोरगा तळाला गेला, माझ्या सासऱ्यानं केसाला धरून काढला. सांगून सांगून मला पाठ झालं. न् आज ह्यास्नी बाभळ तरंगंल वाटली, तीबी ओली.

आबा: इसरतं मानसाला. वय झालं.

मुक्ताबाई: बरं, इसरलात. मग कडब्याच्या गंजीखाली काय ठिवलंय?

आबा: कुठं काय.

मुक्ताबाई: मांडीएवढा पांगारा. गोनपाटात गुंडाळल्याला. वाळून पिसासारखा झालाय. वैरन काढताना पायात आला माझ्या. मी परत तसाच ठिवला, म्हनलं बघू तरी म्हातारा कवा आठवतोय.

दिपाली: आत्या, जाऊ द्या.

मुक्ताबाई: का जाऊ द्या? तुला नवल न्हाय वाटलं?

दिपाली: मला माहीत होतं.

आबा: काय माहीत हुतं?

दिपाली: बाभळ तुम्ही मुद्दाम लावलीत ते. आबा, पांगारा निवडला तो इंद्रजितनं नाही. त्यानं नकाशा आणला आणि तुम्हाला विचारलं, लाकूड कुठलं घेऊ. तुम्ही ओंडक्याची गोष्ट सांगितलीत. त्याच रात्री त्यानं मला जशीच्या तशी सांगितली, तुमच्या आवाजात. मी पोट धरून हसले होते. मग तुम्ही बाभळ तासायला बसलात तेव्हा मला कळणार नाही का?

आबा: मग बोलली न्हाईस.

दिपाली: नाही बोलले.

आबा: का?

दिपाली: तुम्ही कानस लावत होता. मी शेजारी बसून भुसा गोळा करत होते. बरं वाटत होतं.

मुक्ताबाई: तिला काय इचारता. ती तुमच्या वरताण हाय. दिपाली, पंखा सापडला का गं? इमानाच्या नाकावरचा, इंद्रानं कोरल्याला?

दिपाली: नाही. शोधला मी सगळीकडं.

मुक्ताबाई: हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात शोधलास का? पुरनाला डाळ काढाय गेले, तर हाताला पंखा लागला. धुवून, फडक्यात बांधून ठिवल्याला. उंदीर फडक्यात बांधून ठिवत न्हाय.

आबा: दिपाली?

दिपाली: हो, आबा. मीच ठेवला.

आबा: आगं, मी नवा पंखा कोराय घेतलाय की. दोनदा मोडला हातात.

दिपाली: माहीत आहे. तुमचं बोट कापलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. देणार होते त्या दिवशी काढून. नाही दिला.

मुक्ताबाई: दोघंबी सारखी. एक बुडवतंय, एक दडवतंय, न् दोघं मिळून संध्याकाळी पॉलिश पेपर घासत बसत्यात. मला वाटायचं मीच तेवढी येडी हाय ह्या घरात.

आबा: तू आमाला हसतीस. तुला काय वाटतच न्हाय का?

मुक्ताबाई: मला काय वाटतं ते इचारू नगा.

आबा: न्हाय, सांग.

मुक्ताबाई: मग ऐका. सकाळी उठले की ही चुलीपाशी असती. माझ्या डोस्क्याला तेल ही लावती. माझा डोळा कापून आनला तवा तीन येळा औषध हिनं घातलं, पोटची पोरगी असती तर तिनं घातलं असतं का न्हाय कुनास ठावं. ही गेली की ह्या घरात बोलाय कोन? तुमी? तुमी दिसाला चार शब्द बोलता, त्यातलं दोन म्हशीला. ही गेली की सगळ्यात जास्त मलाच सोसायचं हाय. न् तरीबी मीच एकटी म्हनतीय की इमान पुरं व्हावं.

दिपाली: आत्या, तुम्हाला मी जायला हवी आहे असं वाटायला लागलं होतं मला.

मुक्ताबाई: तसं वाटलं तर वाटू दे. तुला घराभाईर काढाय मला वाईट व्हावं लागलं, तर मी वाईट हुईन. आबा, तुमी बोला आता. लपवून लपवून लाकूड वाळवत बसलात, तोंडानं काय ते बोला.

आबा: काय बोलू.

मुक्ताबाई: बोला.

आबा: हे बघ, पोरी. गोकुळ आला त्या दिशी मी मनातनं हो म्हनलं. तुझ्या भावाला फोन मीच केला. खोटं न्हाय. पर रातीला होडी कराय बसलो न् वाटलं, ही एक होडी झाली की संपलं. इमान पुरं, तू सुप्याला. मग त्याच्या हातचं अर्धं असं काय उरंल ह्या घरात? काम अर्धं हाय तवर वाटतं त्यो कंपनीतनं येईल न् म्हनंल, आबा, इथं वाकडं कापलंय. तू शेजारी बसली की तसंच वाटतं. तू न् ते अर्धं इमान, दोनच हायत त्याचं. दोन्ही एकदम जानार.

दिपाली: मलाही तसंच वाटतं, आबा.

आबा: हात आपोआप बाभळीकडं गेला. इचार करून न्हाय गेला.

मुक्ताबाई: पांगारा गंजीखाली आपोआप गेला का?

आबा: त्यो इचार करून गेला.

दिपाली: आत्या, तुम्ही म्हणता जा. पण मला भीती वाटते. तिथलं माणूस वाईट नाही, त्याची नाही वाटत भीती. गोकुळ बोलत असतो तेव्हा मला हसू येतं. त्या दिवशी दुकानात खोकी मोजताना त्यानं काहीतरी सांगितलं आणि मी इतकी हसले, की घरी येईपर्यंत मला रडू येत होतं. इंद्रजितचा आवाज त्या दिवशी मला आठवेना. आठवायला बसले, नुसता आबांचा आवाज यायला लागला.

आबा: माझ्यासारखाच बोलायचा त्यो.

दिपाली: करोनात त्याला नेलं तेव्हा शेवटचं नीट बोलताही आलं नाही. मला वाटतं, मी इथून गेले तर तो इथं मला शोधेल. हसू नका, आत्या.

मुक्ताबाई: हसत न्हाय गं. ये, हितं बस माझ्यापाशी. तुला एक सांगते, ह्यास्नीबी ठावं हाय पर हे बोलायचं न्हाईत. मी ह्यांच्या गावात नवरी म्हनून आले तवा धरणाचं बोलनं चाललं हुतं. कुनाला खरं वाटत न्हवतं. दोन पावसाळं झालं न् पानी आलं. मी सारवल्यालं घर. माझ्या हातची चूल. गाडीत भांडी भरली न् ह्या निरवांगीच्या माळावर आलो. हितं नुसती कुसळं. पहिल्या दिशी तीन दगुड मांडले न् काडी न वढताच बसून ऱ्हायले. वाटलं, हितं चूल पेटवली तर ती तिकडची खोटी ठरंल. हे तर भाकरी तोंडाला लावंनात.

आबा: व्हय. ते खरं हाय.

मुक्ताबाई: मग सासू म्हनली, पेटव. मी पेटवली. धूर झाला, डोळ्यातनं पानी आलं, कशानं आलं ते कुनाला कळलं न्हाय. पर चूल पेटली. न् तिकडची काय खोटी ठरली न्हाय. आजबी सपनात मी त्याच घरात भाकरी थापते. इंद्रा हितं ह्या चुलीवरचं खाऊन वाढला. चूल दुसरीकडं मांडता येती, पोरी. जड जातं, पर येती.

दिपाली: आत्या.

मुक्ताबाई: रड. रडून घे. मग त्यो पंखा आन डब्यातनं. न् तुमी काय बघता? उठा. गंजीखालचा पांगारा काढा. अजून उजेड हाय.

आबा: आत्ता?

मुक्ताबाई: आत्ता. न्हायतर सकाळपतोर परत इसरंल तुमाला.

दिपाली: आबा, थांबा. मी पण येते. बाभळीची होडी कशी काढायची? गोंद सुटेल का?

आबा: पान्यात भिजलाय, सुटंल. हळू वढ. खांब मोडू नगंस, कळकाच्या कामट्या हायत, इंद्रानं तासल्याल्या. हां. असं.

दिपाली: ही होडी टाकू नका हं.

आबा: कशाला टाकू? टिकाऊ हाय.

(रविवारची सकाळ. उजनीच्या पाण्याचा काठ.)

मुक्ताबाई: कुठवर जाताय चिखलात? पाय घसरला तर इमान काढू का तुमाला काढू?

आबा: इमान काढ. दिपाली, ते बघ. त्या तिकडं बगळं बसल्यात न्हवं, त्याच्याबी आत. आमची तालीम. तालमीपल्याड देवीचं देऊळ. देवळामागं आमचं घर. उन्हाळ्यात पानी लई आटलं की देवळाचा कळस दिसतो, घर काय दिसत न्हाय.

दिपाली: इंद्रजित मला लग्नानंतर पहिल्यांदा इथं घेऊन आला होता. असाच हात करून दाखवलं होतं. मला फक्त पाणी दिसलं. मी उगाच मान हलवली.

आबा: आता दिसतंय का?

दिपाली: आता दिसतंय थोडं.

मुक्ताबाई: वारं पडलंय तवर उरका. पिशवी दे गं ती. खण, नारळ, तांदूळ. दर साली मी ही देवीची ओटी हितनं सोडते न् दर साली ती चार हात जाती न् काठालाच परत येती. देऊळ खोल हाय, काठ लांब हाय. इंद्रा लहान असल्यापास्नं बघायचा. एकदा म्हनला, आई, माझं इमान नेईल तुझी ओटी.

दिपाली: हे मला नाही सांगितलं कधी त्यानं.

मुक्ताबाई: एखादी गोष्ट आईलाबी सांगतो पोरगा. आबा, इमानात ते मानूस बसायची खोबण हाय न्हवं? तितं चिमूटभर तांदूळ न् हळदी-कुंकू ठिवते. चालंल का? बुडंल का वजनानं?

आबा: पांगारा हाय. चालंल.

मुक्ताबाई: ठिवलं. सोडा आता.

आबा: दिपाली, तू सोड.

दिपाली: नाही, आपण दोघं. तुम्ही डावीकडून धरा, तुमच्या होडीकडून. मी उजवीकडून धरते.

आबा: सोडू?

दिपाली: सोडा.

मुक्ताबाई: अगं बाई. उभं ऱ्हायलं की.

आबा: सरळ हाय. बघ, एक रेघ न्हाय कललं. दोन्ही होड्या सारख्याच बसल्यात पान्यावर. पंखाबी फिरतोय वाऱ्यानं, बघितलंस का?

दिपाली: बघतेय, आबा.

आबा: उलटा फिरतोय पर.

दिपाली: तुम्हीच उलटा बसवलाय तो.

मुक्ताबाई: चाललं बघा. आत चाललं. ओटी घिऊन चाललं. इंद्रा, बाबा, बघतोयस न्हवं.

आबा: डोळं पूस. दिसाय पायजे तुला.

मुक्ताबाई: तुमी तुमचं पुसा. दिपाली, ओढणी पुढं कर.

दिपाली: काय?

मुक्ताबाई: ओढणी पुढं धर. ओटी भरायचीय तुझी.

दिपाली: आत्या, माझी? मी… इंद्रजित गेल्यापासून कुणी भरली नाही माझी. गावात हळदीकुंकवाला मला बोलवत नाहीत. चालतं का?

मुक्ताबाई: देवीची ओटी दर साली मी भरते, तिला चालतं का ते मला इचार. लेक सासरी निघाली की आई ओटी भरती. धर नीट, तांदूळ सांडतील. हां. नारळ दोन्ही हातानं घे. कुंकू लावू का?

दिपाली: लावा.

मुक्ताबाई: इकडं बघ. मान वर कर. झालं. आता दिवाळीला, पाडव्याला हितंच यायचं. म्हायेर म्हनून यायचं. मी काय तुला सोडली न्हाय.

आबा: येईल ती. मला गोळ्यांची नावं पाठ न्हाईत, यायाच लागंल तिला.

दिपाली: डब्यावर चित्रं काढून ठेवलीत मी. सकाळचा सूर्य आणि रात्रीचा चंद्र. चुकायचं नाही.

आबा: म्हंजी तू आधीच तयारी केलीस.

दिपाली: परवा रात्री. होडी चिकटली तेव्हा. आबा, नारळ धरता का जरा? फोन करते.

आबा: हितनं?

दिपाली: इथूनच. घरी गेल्यावर माझा धीर व्हायचा नाही. रेंज आहे. लागला. हॅलो, गोकुळ? दिपाली बोलतेय. नाही, सगळं ठीक आहे. उजनीवर आलोय, आबा आणि आत्या आहेत बरोबर. ऐका ना. विमान पूर्ण झालं.

मुक्ताबाई: काय म्हनतोय?

दिपाली: थांबा, आत्या. हॅलो? हो, आहे मी. हो. सांगते. एक मिनिट हं.

आबा: काय म्हनला?

दिपाली: विचारतोय, तरंगलं का.

मुक्ताबाई: मग सांग की त्याला.

आबा: आन त्यो फोन हिकडं. मी सांगतो.